भरती रोज किती मिनिटांनी पुढे सरकते? नववीच्या गृहपाठात तीन वेगळी उत्तरे येत आहेत

चोडणची_पालक

नमस्कार. माझी मुलगी इयत्ता नववीत शिकते. गुरुत्वाकर्षणाचा धडा संपल्यावर तिच्या विज्ञानाच्या बाईंनी गृहपाठ दिला आहे की, घराजवळच्या नदीवर किंवा समुद्रावर भरतीची वेळ काही दिवस नोंदवावी, ती रोज किती मिनिटांनी पुढे सरकते ते काढावे आणि त्याचे कारण गणिताने दाखवावे. आम्ही चोडण बेटावर राहतो, त्यामुळे पाणी दारातच आहे. रायबंदरहून येणारी फेरीबोट ज्या धक्क्याला लागते, तेथे जवळच असलेल्या पायऱ्यांवर पाणी कोठवर चढते हे पाहून मुलीने पौर्णिमेच्या आसपासच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत.

अडचण अशी की, आता तिच्यापुढे तीन आकडे आहेत. पुस्तकांत सर्वत्र ‘सुमारे ५० मिनिटे’ असे दिलेले असते. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, म्हणून तिने २४ तासांना २९.५३ने भागले, तेव्हा ४८.८ मिनिटे आली. धक्क्यावरील नोंदींत मात्र हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपासच राहतो. पहिल्या दोन आकड्यांतला फरक किरकोळ म्हणून सोडून देता येईल, पण चाळीसचे काय करावे? नोंदी मागाहून जुळवून पन्नास लिहायला ती तयार नाही आणि तसे कर असे मलाही तिला सांगवत नाही.

तिची दुसरी शंका अशी की, चंद्र एका वेळी पृथ्वीच्या एकाच बाजूला असतो, तर दिवसातून दोन भरत्या का येतात? शाळेचे माध्यम इंग्रजी असले तरी घरी आम्ही सर्व मराठीतून समजून घेतो, म्हणून उत्तर मराठीत मिळाल्यास उपकार होतील.

पर्वरी_शिकवणी

ताई, परीक्षेच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. पृथ्वी २४ तासांत एक फेरी पूर्ण करते, तेवढ्या वेळात चंद्र सूर्याच्या तुलनेत सुमारे १२ अंश पुढे गेलेला असतो आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून चंद्र पुन्हा त्याच जागी दिसण्यास ४८ ते ५० मिनिटे अधिक लागतात व भरतीही तेवढीच पुढे जाते. चंद्राकडील बाजूची भरती त्याच्या आकर्षणामुळे येते आणि विरुद्ध बाजूची अपकेंद्री बलामुळे. एवढे लिहून शेजारी आकृती काढली की पूर्ण गुण मिळतात. धक्क्यावरील नोंदींतला फरक ‘निरीक्षणातील त्रुटी’ म्हणून दाखवावा. सहामाही परीक्षा जवळ आली असताना एकाच प्रश्नावर मुलांना फार वेळ घालवू देऊ नये, असे मला वाटते.

फोंड्याचा_गणितमास्तर

वरील उत्तराचा सांगाडा बरोबर आहे, परंतु मुलीने धक्क्यावर उभे राहून घेतलेल्या नोंदींना, त्या तपासण्याआधीच, त्रुटी म्हणणे मला मान्य नाही. चाळीसच्या आकड्याकडे नंतर कोणी जाणकार वळेलच. मी आधी ४८.८ आणि ५० यांचा उलगडा करतो, कारण तो निव्वळ गणिताचा आहे आणि नववीच्या मुलीला स्वतः करता येण्यासारखा आहे.

कृपया तिला उत्तर लगेच सांगू नका. आधी तिला घड्याळाचे जुने उदाहरण द्या: बारा वाजता मिनिटकाटा आणि तासकाटा एकमेकांवर असतात, ते पुन्हा केव्हा एकत्र येतील? बहुतेक मुले ‘एक वाजून पाच मिनिटांनी’ असे म्हणतात. मग त्यांच्या लक्षात येते की, मिनिटकाटा त्या पाच मिनिटांत एकपर्यंत पोहोचेतो तासकाटाही थोडा पुढे गेलेला असतो. बारा तासांत काटे अकरा वेळा भेटतात, म्हणून दोन भेटींमधले अंतर १२ भागिले ११ तास, म्हणजे १ तास ५ पूर्णांक ५/११ मिनिटे येते.

चंद्राचेही असेच आहे. ४८.८ मिनिटे अधिक फिरून पृथ्वी चंद्राच्या कालच्या हिशेबाने ठरलेल्या जागी पोहोचते, परंतु तेवढ्या वेळात चंद्र आणखी थोडा सरकलेला असतो. २९.५३ दिवसांत चंद्र एखाद्या ठिकाणच्या माथ्यावरून २८.५३ वेळाच जातो, म्हणजे एकदा कमी. म्हणून दोन वेळांमधले अंतर २४ गुणिले २९.५३ भागिले २८.५३ तास, म्हणजे २४ तास ५०.५ मिनिटे भरते. पुस्तकातील पन्नास ते हे. मुलीने काढलेले ४८.८ही चुकीचे नाही, कारण तिने वेगळ्या प्रश्नाचे उत्तर काढले आहे: महिनाभरात भरती एकूण २४ तास पुढे जात असेल, तर कॅलेंडरच्या एका दिवसाच्या वाट्याला सरासरी किती मिनिटे येतात? दोन्ही आकडे वहीत राहू द्यावेत आणि कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचा, हे त्याखाली एका ओळीत लिहावे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कोकणपट्टीतील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत आली आहेत: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. याचा अर्थ त्यांनी एका तिथीमागे ४५ मिनिटे धरली. महिन्यात तिथी ३० आणि सरकण्याचा एकूण वेळ २४ तास, तेव्हा नेमका हिशेब ४८ मिनिटांचा, म्हणजे पाऊण तासाऐवजी चार पंचमांश तासांचा येतो. तिथीमागे ३ मिनिटांची ही तूट साठत साठत पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटांची होते आणि पुढे प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे ती आपोआप पुसली जाते. तोंडी हिशेबासाठी पाऊणपट सोपी आणि पंधरवड्यापलीकडे चूक वाढत नाही, म्हणून हा नियम इतकी वर्षे टिकला असावा. मुलीने पंचांग घेऊन हा नियम आपल्या नोंदींशी ताडून पाहावा, गृहपाठाला चांगली जोड मिळेल.

चोडणची_पालक

सर, मनःपूर्वक आभार. काट्यांचे उदाहरण तिने स्वतः सोडवले आणि त्यानंतर ५०.५चा हिशेब मला तिनेच समजावून सांगितला. परंतु तिचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. सरासरी ४८.८ असो वा ५०.५, धक्क्यावर चाळीसच का येतात?

मुरगाव_बंदरवाला

मी बरीच वर्षे मुरगाव बंदरात काम केले आहे, तेव्हा या प्रश्नावर अधिकाराने लिहितो. चाळीस हा आकडा जवळजवळ बरोबर आहे आणि त्याचे कारण नोंदी पौर्णिमेच्या आसपास घेतल्या हे आहे. पण त्याआधी मोजणीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तेथेही गोम आहे.

ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास धरले, तर पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केल्यास पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासाला पुन्हा एकच भाग, असा ढोबळ नियम दर्यावर्दी वापरतात. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पाणी सुमारे दोन मीटर चढते, त्यातला बारावा भाग म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर, साधारण एका पायरीची उंची. म्हणजे भरती पूर्ण होण्याच्या आधीच्या तासात पाणी एक पायरी चढते आणि नंतरच्या तासात तीच पायरी उतरते. अशा वेळी ‘आता भरती झाली’ हा क्षण डोळ्यांनी ठरवताना अर्धा तासही इकडेतिकडे होऊ शकतो.

यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या पायरीऐवजी तिच्या तीन-चार पायऱ्या खालची एखादी पायरी निवडावी. पाणी चढताना ती केव्हा बुडाली आणि उतरताना केव्हा उघडी पडली, या दोन्ही वेळा लिहाव्यात आणि त्यांची मध्यवेळ भरतीची वेळ मानावी. तेथे पाणी झपाट्याने चढते-उतरते, त्यामुळे दोन्ही वेळा काही मिनिटांच्या अचूकतेने मिळतात. नदीत चढायला आणि उतरायला लागणारा वेळ अगदी सारखा नसतो, पण रोज तीच पायरी धरल्यास दोन दिवसांमधला फरक काढताना त्याचा फारसा अडथळा येत नाही. समुद्रातली भरती चोडणपर्यंत पोहोचायला जो उशीर होतो, तोही वजाबाकीत निघून जातो.

आता चाळीसबद्दल. भरती एकटा चंद्र आणत नाही, सूर्यही आणतो. चंद्राची भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, पण सूर्य रोज त्याच वेळी माथ्यावर येत असल्यामुळे सूर्याची भरती शून्य मिनिटांनी पुढे जाते. आपल्याला दिसते ती या दोहोंची बेरीज. पौर्णिमा-अमावास्येला दोन्ही भरत्या एकाच वेळी येतात आणि उधाण येते. त्या दिवसांत बेरजेचा माथा किती सरकेल, हे भारित सरासरीने काढता येते. सूर्याचा जोर चंद्राच्या एक तृतीयांश धरला, तर ३ भाग ५० मिनिटांचे आणि १ भाग शून्याचा, एकूण १५० भागिले ४, म्हणजे साडेसदतीस मिनिटे. मुलीच्या नोंदी याच्या आसपास आहेत.

अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाच्या दिवसांत, याच्या उलट होते. तेव्हा चंद्राच्या भरतीच्या वेळी सूर्याची ओहोटी असते, म्हणून सूर्याचा भाग वजा होतो: १५० भागिले २, म्हणजे ७५ मिनिटे. हे आकडे ढोबळ आहेत, कारण सूर्याचा वाटा किनाऱ्यागणिक थोडा बदलतो, परंतु भांगाच्या दिवसांत भरती एका तासाहून अधिक पुढे जाते हे नक्की. म्हणून मुलीने नोंदी अष्टमीपर्यंत चालू ठेवाव्यात. चाळीसपासून सत्तरपर्यंत वाढत जाणारे आकडे वहीत आले, तर पन्नास ही सरासरी आहे हे तिला कोणी सांगावे लागणार नाही. उधाण आणि भांग तिथीच्या नेमक्या दिवशीच न येता एक-दोन दिवस उशिरा येतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

मडगाव_भौतिकशास्त्र

दुसऱ्या शंकेचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही, म्हणून लिहितो. विरुद्ध बाजूची भरती ‘अपकेंद्री बलामुळे’ येते हे वाक्य पुष्कळ मार्गदर्शक पुस्तकांत असते, मात्र त्याने मुलांचा गैरसमज होतो. पृथ्वी आणि चंद्र आपल्या समाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात हे खरे, पण या फिरण्यातून येणारे अपकेंद्री बल पृथ्वीवरच्या प्रत्येक किलोग्रॅमवर सारखेच आणि एकाच दिशेने असते. जे सर्वत्र सारखे आहे, त्याने एका बाजूला फुगवटा कसा येईल? पाण्याचा आकार बदलतो तो चंद्राची ओढ ठिकठिकाणी वेगळी असल्यामुळे.

मुलीला गुरुत्वाकर्षणाचे सूत्र आले आहे, तेव्हा हे तिने आकड्यांनी करून पाहावे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. चंद्राच्या समोरच्या बाजूचे अंतर ३,७८,०२९ आणि पलीकडच्या बाजूचे ३,९०,७७१ किलोमीटर. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून पृथ्वीच्या मध्याशी तुलना करता समोरच्या पाण्यावर ती सुमारे ३.४ टक्के अधिक आणि पलीकडच्या पाण्यावर सुमारे ३.२ टक्के कमी येते. मधली पृथ्वी चंद्राकडे जेवढी ओढली जाते, त्याहून समोरचे पाणी थोडे अधिक ओढले जाते आणि पलीकडचे थोडे कमी, म्हणून ते मागे राहते. पृथ्वीवरून पाहिल्यास दोन्हीकडे पाणी मध्यापासून दूर गेलेले दिसते. ३.४ आणि ३.२ हे आकडे इतके जवळचे आहेत की, दोन्ही फुगवटे जवळजवळ सारखे असतात.

याच रीतीने सूर्याचा हिशेबही करता येतो. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या सुमारे १७८ पट आहे, तरी त्याची भरती लहान का? सूर्य सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर दूर असल्यामुळे त्याच्या ओढीत मध्यापासून एका बाजूपर्यंत पडणारा फरक फक्त ०.००८५ टक्के आहे. चंद्राची ओढ १०० मानली, तर सूर्याच्या १७,८०० ओढीतला हा फरक सुमारे १.५ येतो, चंद्राच्या बाबतीत तो ३.३ आहे. म्हणजे सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. बंदरवाले काकांनी किनाऱ्यासाठी धरलेला एक तृतीयांश याहून कमी आहे आणि त्याचे कारण पुढच्याच मुद्द्यात आहे.

पाण्याचे दोन फुगवटे चंद्राखाली उभे आहेत आणि पृथ्वी त्यांतून फिरते आहे, हे आकृतीतले चित्र न्यूटनच्या विचारसरणीचे आहे. त्याने दोन भरत्या का आणि त्या कितीने पुढे जातात हे कळते, पण पाणी किती चढेल हे कळत नाही. खोल समुद्रात एवढ्या लांबीच्या लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. खोली ४,००० मीटर धरल्यास तो सेकंदाला १९८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७१३ किलोमीटर. विषुववृत्तावर चंद्राखालची जागा मात्र ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे सरकत असते. पाण्याला तिच्याबरोबर धावणे शक्यच नाही, शिवाय वाटेत खंडे आडवी येतात. म्हणून प्रत्येक समुद्र आपल्या खोलीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे चंद्र-सूर्याच्या ओढीला प्रतिसाद देतो. हा विचार लाप्लासने अठराव्या शतकात मांडला. गोव्यात उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढते, मुंबईत चार मीटरांहून अधिक आणि खंभातच्या आखातात भावनगरकडे दहा मीटरांच्या घरात, पण चंद्र तर तिन्ही ठिकाणी तोच असतो.

मांडवीतही हेच सूत्र चालते. सरासरी खोली पाच मीटर धरल्यास वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर येतो. मुखापासून सुमारे ५० किलोमीटर वर गांजेपर्यंत भरतीचा परिणाम जातो, म्हणजे तेथे पोहोचायला तिला दोनेक तास लागायला हवेत. चोडणला अर्ध्या तासाच्या आसपास.

पर्वरी_शिकवणी

माहिती उत्तम आहे, पण तपासनिसासमोर पन्नास वह्या असतात आणि त्याच्याजवळ गुणदानाची ठरलेली यादी असते. लाप्लास आणि वर्गमुळे लिहिणाऱ्या मुलीला तीन गुणांच्या प्रश्नात तीनच गुण मिळतात आणि पुढचे दोन प्रश्न सोडवायला वेळ उरत नाही. पालकांनी याचाही विचार करावा.

फोंड्याचा_गणितमास्तर

आपला मुद्दा परीक्षेपुरता रास्त आहे. तीन गुणांच्या उत्तरात चंद्राचे १२ अंश, अंशामागे ४ मिनिटे आणि ओढीतील फरकामुळे दोन फुगवटे, एवढेच यावे. फक्त अपकेंद्री बलाचे वाक्य त्यात नसावे, कारण जागा तेवढीच लागते आणि बरोबर वाक्य उपलब्ध आहे. येथे मात्र बाईंनी निरीक्षणाचा गृहपाठ दिला आहे, तीन गुणांचा प्रश्न दिलेला नाही. ज्या मुलांनी खरोखर नदीवर जाऊन पाहिले त्यांचे आकडे पन्नासपासून दूर येणार, हे बाईंना बहुधा ठाऊक असावे. वर्गातल्या सर्व वह्यांत पन्नासच आले, तर नदीवर कोणीच गेले नाही, असेच त्या समजतील.

चोडणची_पालक

सर्वांचे आभार. मुलीने ठरवले आहे की, पहिल्या पानावर तिचे ४८.८ आणि ५०.५ दोन्ही हिशेब येतील, नंतर पौर्णिमेच्या नोंदी जशा आहेत तशा, आणि त्यांखाली भारित सरासरीचे साडेसदतीस. बाईंकडे मुदत मागून ती अष्टमीच्या नोंदीही घेणार आहे. एकच विचारायचे राहिले: सकाळची भरती शाळेच्या वेळेत येऊ लागल्यावर त्या दिवशी संध्याकाळची नोंद घेतली तर चालेल का?

मुरगाव_बंदरवाला

चालेल, पण सकाळची वेळ आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची वेळ यांची थेट वजाबाकी करू नये. चंद्र बहुतेक दिवस विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो, त्यामुळे आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि त्यांच्यामधले अंतरही दर वेळी नेमके १२ तास २५ मिनिटे भरत नाही. संध्याकाळच्या नोंदींचा वेगळा रकाना करावा आणि वजाबाकी त्याच रकान्यात करावी. लहान भरतीला निवडलेली पायरी बुडणार नाही, म्हणून त्या रकान्यासाठी आणखी खालची पायरी धरावी. ताळा करायचा असल्यास भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे वेळापत्रक प्रसिद्ध करतो, त्यात मुरगावच्या वेळा असतात. चोडणच्या वेळा त्यांच्याशी जुळणार नाहीत, पण एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंतचे फरक जुळायला हवेत. आणि धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा मुलीला वरूनच पाहायला सांगावे.